मास्तरांचे ग्राफ, मालकांचा एआय आणि मधल्यामधे मी

कांडीवाला
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब, डिस्पॅच आणि सांगतील ते काम करतो. कारखाना कुठला ते विचारू नका, नोकरी ठेवायची आहे.

आमच्याकडं एक डिझाईन मास्तर होते. म्हणजे आहेत अजून, घरी असतात, सत्तरी ओलांडलीय. पगारी नव्हते, नगावर काम करायचे. एक डिझाईन दिलं की त्याचे पैसे. ग्राफ पेपरवर एकेक घर लाल शाईनं भरायचे, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची, ती कार्डं माळेसारखी शिवून जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढायची. पुढं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं तेव्हा मास्तर चाळिशी उलटून गेल्यावर कॉम्प्युटर शिकले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तसे घरी बसले. ग्राफ मात्र कारखान्यातच राहिले, एका पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्या घालून.

यंदा मालकांच्या मुलानं एआयचं सॉफ्टवेअर घेतलं. पेटीतल्या ग्राफचे फोटो काढून त्यात भरले, दोनशेच्या वर. आता 'मोर, काठाला कमळ, मरून-क्रीम' एवढं टाइप केलं की मिनिटभरात चार मोर हजर. मास्तरांना एका मोराला दहा-बारा दिवस लागायचे.

परवा नमुन्याची चादर मागावरून उतरली. घडी घालता घालता माझा हात थांबला. मोर मान वळवून मागं बघतोय आणि तुऱ्यात पिसं सहा. पाच नाहीत, सात नाहीत, सहा. अहो, तो मास्तरांचा मोर आहे! सोलापुरात तसा मोर दुसरं कुणी काढत नाही. आणि मास्तरांना यातलं काही माहीत नाही.

मास्तरांना विचारायला पाहिजे होतं का? त्यांना काही द्यायला पाहिजे का? की तेव्हा पैसे दिले, विषय संपला? मालक माणूस वाईट नाही, हेही सांगतो. दिवाळीला मास्तरांच्या घरी मिठाईचा पुडा जातो अजून.

सातरस्ता
कांडीवाल्यानं धागा काढला. चालू द्या.

हुरडा_स्पेशल
काय बे, त्यात काय एवढं. मालकानं नगाला पैसे दिले, मास्तरनं घेतले, विषय संपला की. गवंड्यानं बांधलेल्या घराचं भाडं गवंड्याला जातंय का?

पुण्यात_अडकलेला
हुरडा, गवंडी इथं बसत नाही. एका घराकडं बघून दुसरं घर आपोआप उभं राहत नाही.

बाकी एक गंमत सांगतो. हिंजवडीत कॉम्प्युटरपुढं बसून पोट भरतो, पण मोठा झालो साखर पेठेत, मागाच्या खडखडाटात. जेकार्ड हे माणसाचं नाव. जोसेफ मारी जाकार, फ्रान्समधल्या लियों गावचा, १८०४ सालचा त्याचा माग. कार्डाला भोक असलं तर ताण्याचा धागा वर, नसलं तर खाली. एक आणि शून्य, दुसरं काय! इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं गणकयंत्राचा आराखडा केला तेव्हा त्यानं हीच कार्डं उचलली. त्याच्याकडं त्या जाकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, २४,००० कार्डं लावून विणलेलं. बघणाऱ्याला ते छापील वाटायचं. बॅबेजच्या यंत्रावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लवलेसनं १८४३ मध्ये लिहून ठेवलंय की जेकार्ड माग जसा फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. मग १८९० साली अमेरिकेची जनगणना हॉलेरिथ नावाच्या इंजिनिअरनं भोकांच्या कार्डांवरच मोजली आणि त्याची कंपनी पुढं आयबीएममध्ये गेली. म्हणजे आपल्या पेठेतल्या पुठ्ठ्यांच्या खानदानातलंच पोर आहे हे एआय. फिरून घरी आलं.

सातरस्ता
घरी आलं ते बरं झालं. पण आल्या आल्या म्हाताऱ्याची पेटी कशाला उघडली म्हणतो मी.

माग_चोवीस
माझे स्वतःचे माग आहेत, थोडे. मालकाची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो.

व्यापारी दर पंधरा दिवसांनी विचारतो, नवीन काय आहे? पानिपतचा माल दारात येऊन पडतो, त्यातल्या काहीवर खुशाल 'सोलापुरी' लिहिलेलं असतं. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे माल कुठल्या गावचा याची सरकारी नोंद, आहे, टॉवेललाही आहे, पण फुटपाथवरच्या गिऱ्हाइकाला जीआय दाखवून भाव मिळत नाही. आणि मास्तर कुठाय आता? मी तीन वर्षं डिझाईनचा माणूस शोधतोय. पोरं म्हणतात पुण्याला जातो. घरं भरायला कुणाला बसायचंय? माझ्या हातात तसलं सॉफ्टवेअर आलं तर मी वापरेन, लाज वाटून घेणार नाही. हां, पेटी दुसऱ्याची असेल तर विचारेन. एवढं वाटतं मला.

हुरडा_स्पेशल
बघा, माग_चोवीस मालक असून विचारणार म्हणायलेत.

माग_चोवीस
माझ्याकडं पेटी नाही, म्हणून मन मोठं आहे. 😄

कोर्टाच्या_पायऱ्या
वकील आहे. हा सल्ला नाही, चहाच्या टपरीवरच्या गप्पा समजा.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची. मास्तर पगारी असते तर विषय तिथंच संपला असता. पण ते नगावर होते, आणि लेखी करार कुणी केला नसणार. चाळीस वर्षांपूर्वी सोलापुरात कसला आलाय करार, 'मास्तर, संक्रांतीच्या आत द्या' हाच करार. त्यामुळं वाद घालायला जागा आहे.

आता खरी गोम. त्याच कायद्याचं कलम १५ म्हणतं की जे डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याचा माल यंत्रावर ५० पेक्षा जास्त नग निघाला की कॉपीराइट संपला. ५० चादरी, राव! मास्तरांच्या मोराच्या किती निघाल्या असतील? आणि डिझाईन कायदा २००० खाली नोंदवलं असतं तरी १० वर्षं, वाढवून घेतली तर आणखी ५. म्हणजे तीही मुदत केव्हाच गेली असती. जीआयचा इथं काही संबंध नाही. तो गावाच्या आणि मालाच्या नावाला असतो, एका माणसाच्या मोराला नाही.

राहिला एआयला शिकवायला माल वापरण्याचा प्रश्न. त्यावर आपल्याकडं कज्जे सुरू झालेत. एएनआय या वृत्तसंस्थेनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा घातला, तो बातम्यांच्या मजकुराबद्दल. चादरीबद्दल अजून कुणी गेलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मास्तरांना यायचं असेल तर फी घेणार नाही, एक चादर चालेल. जुन्या मोराची.

भवानीपेठेतली
सगळे मास्तर मास्तर करायलेत. जरा थांबा.

माझी आई कार्डं शिवायची. ग्राफ मास्तरचा, भोकं पाडणारा दुसरा, आणि ती कार्डं नंबरानं लावून दोरीनं एकमेकांना शिवणार आमची आई आणि तिच्यासारख्या बायका. घरी बसून, शेकड्यावर. मोठ्या डिझाईनला कार्डं हजारांच्या घरात. आमच्या खोलीत झोपायला जागा नसायची, कार्डांवर पाय पडला की पाठीत धपाटा. एक कार्ड उलटं शिवलं गेलं की चादरीत मोराच्या मानेवर आडवी रेघ उमटायची आणि मास्तर घरापर्यंत येऊन ओरडून जायचे.

मग ते पेन ड्राईव्हवालं जेकार्ड आलं. आईचं काम संपलं. 'उद्यापासून येऊ नका' असंसुद्धा कुणी म्हटलं नाही, कारण ती कुठं जातच नव्हती. कार्डंच यायची बंद झाली. तेव्हा सगळे मास्तर कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. त्यांनी आमच्या आईला विचारलं होतं का? कुठल्या वकिलानं कलम सांगितलं होतं का?

कांडीवाल्या दादा, तुझ्या मास्तरांबद्दल मला वाईट वाटतंय, नाही असं नाही. पण आमच्या वेळी कुणी धागा काढला नाही.

कांडीवाला
ताई, खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ग्राफ जपून ठेवले होते म्हणून मला मास्तर दिसले. कार्डं तर आम्ही बंबात जाळली.

पुण्यात_अडकलेला
ताई, आई आता काय करतात?

भवानीपेठेतली
विड्या वळते. पंचवीस वर्षं झाली. आता तिथं मशीनचीच दुसरी गोष्ट सुरू झालीय.

पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा. पंचवीस वर्षं हेच करून अंगठ्याच्या रेघा गेल्या. राशनच्या दुकानातलं मशीन म्हणतं जुळत नाही. दुकानदार म्हणतो हात धुऊन या, खोबरेल लावा, उद्या या. डोळ्यांचं मशीन आलं तर मोतीबिंदू. गेल्या महिन्यात तिसऱ्या खेपेला डाव्या हाताच्या मधल्या बोटावर जमलं. आता ती त्या बोटाला जपते. भांडी घासताना वर धरते.

आणि गंमत बघा. विडीच्या कारखान्यात तपासणारा माणूस असतो, तो मूठ मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. आई त्याच्याशी कडाकडा भांडते, तेलुगूत. निम्म्या परत घ्यायला लावते. या मशीनशी कसं भांडायचं? ते हिरवं होतं नाही तर लाल होतं.

कोर्टाच्या_पायऱ्या
ताई, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आधारचा निकाल आला, त्यात ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ अडवता कामा नये अशी भूमिका आहे. दुसऱ्या ओळखीवर धान्य मिळायला पाहिजे. दुकानदारानं नाही म्हटलं तर पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या. अर्ज मी लिहून देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.

भवानीपेठेतली
करते. पण अर्ज द्यायला गेलं की विड्यांचा एक दिवस बुडतो, तेवढं कलमात लिहा म्हणावं.

पुण्यात_अडकलेला
मशीनला सगळी माणसं सारखी दिसत नाहीत हे मोजून दाखवलेलं आहे. २०१८ मध्येच अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी मोठ्या कंपन्यांची चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअरं तपासली. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच सांगायचं होतं. सगळ्यात वाईट सॉफ्टवेअर काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्के चुकलं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत कुणाचीच चूक ०.८ टक्क्याच्या पुढं नव्हती. कारण शिकवताना दाखवलेले चेहरेच तसे. विड्या वळणाऱ्या बाईचा अंगठा कुठल्या इंजिनिअरनं समोर ठेवला असेल?

निवांत_नाना
मशीनचं सोडा, मशीनमधल्या माणसांचं ऐका.

माझ्या साडूला व्हिडिओ कॉल आला. खाकीतला माणूस, मागं भिंतीवर मोठं बोधचिन्ह, टेबलावर तिरंगा. तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, त्यात नको त्या गोष्टी आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. साडू निवृत्त हेडक्लार्क, जन्मभर साहेबाला 'हो' म्हणत आलेला. साडेतीन तास खुर्चीत. एफडी मोडायची बोलणी सुरू. तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी! साडू उठला आणि त्या इन्स्पेक्टरला म्हणाला, "साहेब, पाणी आलंय, मोटर लावून आलोच." तो ओरडतोय, "बसा खाली, वॉरंट आहे!" साडू म्हणाला, "वॉरंट उद्या बघू, पाणी उद्या नाही येत," आणि फोन पालथा घालून गेला. पाणी भरून होईपर्यंत बायकोला सगळी हकीकत कळली आणि मग पुढचं तिनं बघितलं.

डिजिटल अरेस्ट म्हणून कायद्यात काही नाही. पंतप्रधानांनी २०२४ च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं, तरी माणसं फसतात. तक्रारीचा नंबर १९३०.

सातरस्ता
१९३० सोलापूरकराला पाठ करायला लागतंय होय? मार्शल लॉचं साल!

निवांत_नाना
तेच मी साडूला म्हणालो. १९३० च्या मे महिन्यात या गावानं खरा मार्शल लॉ सोसलाय. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघं फासावर गेले. त्या चार पुतळ्यांवरून रोज भाजी आणायला जातोस आणि फोनमधल्या खोट्या खाकीला घाबरतोस?

हुरडा_स्पेशल
महापालिका पाणीपुरवठा विभागाला सायबर सुरक्षेचं बक्षीस द्या!!

खडू_डस्टर
मी हायस्कूलवर मराठी शिकवतो. नववीला 'माझे शहर' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. सव्वीस वह्यांत सोलापूरची हवा आल्हाददायक निघाली. आल्हाददायक! एकात सोलापूर नदीच्या रम्य काठावर वसलेलं. मी विचारलं, कुठल्या नदीच्या? म्हणाला, "सर, ते लिहून नाही आलं."

एकाच मुलाच्या वहीत होतं, 'मे महिन्यात आमची आजी टॉवेल ओला करून अंगावर घेते आणि मोरीत झोपते.' चार ओळींचा निबंध, शुद्धलेखनाच्या अकरा चुका. त्याला पहिला नंबर दिला तर पालक भांडायला आले. त्यांच्या मुलीचा निबंध दोन पानी आणि एकही चूक नाही, मग मार्क कमी का? काय उत्तर देऊ?

माग_चोवीस
सर, रागावू नका, पण 'आल्हाददायक' मशीननं घरून आणलं नाही. माझ्या वेळच्या गाईडमध्येही हेच होतं. आम्ही ते पाठ करून लिहायचो आणि तुम्ही लोक पैकीच्या पैकी द्यायचात.

खडू_डस्टर
बसलं. 🙏 मी स्वतः दहावीला 'मी फुलपाखरू झालो तर' गाईडमधून लिहून बक्षीस घेतलंय.

सीमेवरचा_भीमू
एआयला नुसतं झोडपू नका. मी अक्कलकोट तालुक्यातला, आमची थोडी जमीन पलीकडं कर्नाटकात आहे. तिकडचा उतारा, ज्याला पहाणी म्हणतात, तो सगळा कन्नडात. आम्ही घरात कन्नड बोलतो, पण वाचता येतंय कुणाला? आज्जाला यायचं, तो गेला. दर वेळी वाचून घ्यायला शंभर रुपये द्यायचे. आता फोटो काढला की फोन मराठीत सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं फोनला हात जोडले.

पण ऐका. पहाणीत क्षेत्र होतं २-३५. म्हणजे २ एकर ३५ गुंठे. फोननं मराठीत २.३५ एकर करून टाकलं. ४० गुंठ्यांचा एकर. ३५ गुंठे म्हणजे पाऊण एकराच्या वर. एका टिंबात माझे २१ गुंठे गेले! वाटणीच्या कागदावर तसंच चढलं असतं, चुलत्यानं हिशेब केला म्हणून सापडलं. चुलता तिसरी पास आहे.

हुरडा_स्पेशल
२१ गुंठ्यांत माझी हुरडा पार्टी बसतीय.

सातरस्ता
मंडळी, मोर उडून कर्नाटकात गेला. परत आणा.

कांडीवाल्या, एक प्रश्न पहिल्या दिवसापासून डोक्यात आहे. तू लिहिलंस 'फोटो काढून त्यात भरले'. कुणी काढले बे फोटो?

कांडीवाला
(दोन दिवस उत्तर दिलं नाही. लिहावं का नको ते कळत नव्हतं.)

मीच. मालकांचा मुलगा म्हणाला, ग्राफ जुने झालेत, कागद सुटतोय, मोबाईलवर नीट फोटो काढून ठेव. दोन रविवार बसलो. कोपऱ्यातली मास्तरांची सही फोटोत आडवी येत होती, ती कापून फ्रेम लावली. 'फक्त डिझाईन पाहिजे' म्हणाला होता. मला वाटलं जपून ठेवायला पाहिजेत. खरंच तसं वाटलं, की वाटून घेतलं, आता सांगता येत नाही. दोन रविवारचा ओव्हरटाइम मिळाला.

सातरस्ता
हं.

कोर्टाच्या_पायऱ्या
सही कापली हे नको होतं करायला. त्याच कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकले तरी 'हे मी केलंय' म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडं राहतो. इथं लागू होईल की नाही ही वेगळी गोष्ट, पण सही म्हणजे सही.

भवानीपेठेतली
दादा, इथं कबूल करून काय उपयोग. मास्तरांचं घर माहीत आहे ना तुला?

कांडीवाला
माहीत आहे.

कांडीवाला
जाऊन आलो. सगळं सांगतो.

चादर घेऊनच गेलो. मास्तरांनी आधी चष्मा पुसला, मग चादर उलटी केली. सुलट बाजू बघितलीच नाही म्हटलं तरी चालेल. मागच्या बाजूनं अंगठ्याच्या नखानं मोराच्या मानेवर खरवडलं आणि धागा उचलून दाखवला. म्हणाले, "हे बघ, इथं वीस-वीस घरं धागा बांधलेलाच नाही, मोकळा सोडलाय. बाईच्या बांगडीत अडकला की मान गेली. कुणी काढला हा?" मी सांगितलं. फोटोचं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

रागावले नाहीत. मला वाटलं होतं रागावतील, म्हणजे मग मी माफी मागितली असती. ते हसायला लागले. म्हणाले, "सहा पिसं काढलीत का त्यानं? अरे ती माझी चूक होती. घरं मोजायला चुकलो, पाचाऐवजी सहा झाली. कार्डं पंच झाली होती, मोठे मालक म्हणाले राहू दे. मग तेच चालू राहिलं." आणि मोर कुठून आणला विचारलं तर म्हणाले, बहिणीच्या रुखवतातल्या पितळी डब्यावरचा. "डबा कुणी ठोकला मला काय माहीत."

मग मला वाटलं विषय मिटला. निघताना दारात म्हणाले, "मालकाला सांग, हा मोर विणून विकला तर सहा महिन्यांत माल परत येईल. दुरुस्ती मी करून देतो. पण फुकट नाही." आणि सही परत लावायला सांग म्हणाले. हे दोनदा सांगितलं.

मालकांच्या मुलाला सांगितलं. त्याला धाग्याचं पटलं, त्यालाही व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. दुरुस्तीला तयार आहे. पण दर नव्या डिझाईनच्या निम्मा म्हणतोय, कारण 'मेन काम तर सॉफ्टवेअरनं केलंय'. सहीचं बघू म्हणाला.

हुरडा_स्पेशल
मेन काम सॉफ्टवेअरनं केलं आणि सॉफ्टवेअरला कुणी शिकवलं बे? मी पार्टी बदलली. लिहून घ्या.

माग_चोवीस
निम्मा दर कमी आहे. दुरुस्तीला जास्त डोकं लागतं. दुसऱ्याचं चुकलेलं सोडवण्यापेक्षा नवीन विणलेलं परवडतं, माग सांभाळणाऱ्या कुठल्याही जॉबरला विचारा. पाऊण तरी मागा.

पुण्यात_अडकलेला
आमच्याकडंही हेच सुरू झालंय. आधी मी प्रोग्रॅम लिहायचो, आता मशीननं लिहिलेला तपासतो. पगार तोच आहे म्हणून ओरडत नाही. नगावर असतो तर निम्माच दिला असता मला.

निवांत_नाना
मास्तरांनी पूर्ण दर मागावा. व्यापारी परत फिरला की मुलगा येईल दारात.

कोर्टाच्या_पायऱ्या
या वेळी कागद करा. चार ओळी चालतील. नाव, दर, सही कुठं बसणार ते. मसुदा करून देतो.

कांडीवाला
रविवारी परत जाणार आहे, कागद घेऊन. आणि ताई, तुमचं एक राहिलं. मास्तरांना मी कार्डं शिवणाऱ्या बायकांबद्दल विचारलं. जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, भवानी पेठेत एक बाई होती, हात फार साफ, तिच्याकडूनच मोठी डिझाईनं शिवून घ्यायचो. एकदा गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर मोराच्या मानेत एक कार्ड उलटं आलं, बारा चादरी वाया गेल्या, मी घरापर्यंत जाऊन नको ते बोललो. काम बंद झालं तेव्हा सांगायला जायला पाहिजे होतं, म्हणाले. ती बाई तुमची आईच का, मला माहीत नाही.

भवानीपेठेतली
आईला वाचून दाखवलं. पान कातरत होती, कात्री थांबली नाही. म्हणाली, ते कार्ड माझं नव्हतं, शेजारणीनं शिवलं होतं. तिला ताप होता म्हणून मी बोलले नाही. तेवढं सांग म्हणावं त्यांना.